फलानुभवी

यादी लागली ती कानडीत,
पंचायतीच्या काचेच्या कपाटात,
सव्वीस पानं, एका टाचणीखाली दुमडलेली.
कारलवाडीत कानडी घडाघडा वाचणारी मी एकटी,
खानापूर स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसते म्हणून.
"वैजू, वाच की गं मोठ्यानं," लुमाण्णा बिर्जे म्हणाले,
"आमास्नी नुस्त्या जिलब्या दिसतात."

वर लिहिलं होतं: फलानुभविगळ पट्टी.
पट्टी म्हणजे यादी, मी सांगितलं.
आपल्यात पट्टी भरायची असते, घराची, पाण्याची,
नाहीतर जखमेवर बांधायची.
आणि फलानुभवी म्हणजे लाभार्थी,
ज्यानं फळ अनुभवलं तो.
"कुठलं फळ," मागून कुणीतरी, "ते तर वाच."

श्रावणात मलप्रभा शेतात येऊन राहिली,
त्या आठ दिवसांचा परिहार.

सर्व्हे नंबर, नाव, एकर, गुंठे, रुपये.
आमची नावं कानडीत जाऊन परत येताना
वाटेत भिजली होती.
घाडी होते त्यांची गाडी झाली,
धोंडूचा दोंडू, भरमाणीचा बरमानी.
पहिली तीन पानं गाव हसत होतं.

चौथ्या पानावर सर्व्हे नंबर एकशे बारा.
तिथं पावणेतीन एकर भात बुडालेलं.
एकशे बारा म्हणजे शाळेचं मैदान.
आमची शाळा अजून कधी कापणीला आली नव्हती.
अकराव्या पानावर सोसायटीच्या चेअरमनची आई,
एकदा होन्नव्वा, एकदा होनव्वा,
पुढच्या पानावर नुसती ओनव्वा.
तीन स्पेलिंगं, तीन खाती.
आता कुणी हसलं नाही.
बिर्ज्यांनी चुन्याच्या डबीतल्या कागदावर
आकडे लिहून घ्यायला सुरुवात केली,
कागद संपला तसे तळहातावर.

एकोणिसाव्या पानावर
मंगव्वा घाडी, सहा गुंठे, अठराशे चाळीस.

ती खांबाला टेकून उभी होती,
डोक्यावर रताळ्याच्या वेलांचा भारा.
पुढं गाडीवर बसलेला तिचा परशराम,
ज्यानं तिचं मंगळसूत्रसुद्धा बाजार दाखवून आणलं.
तिचं पासबुक माझ्या ड्रॉवरात असतं,
कार्बन पेपरांच्या खाली, तीन वर्षं.
ती माझ्याकडे बघत होती.

मी थांबले.
शाई पुसट आहे म्हणता आलं असतं.
एक ओळ. अठराशे रुपये.
मग वाटलं, होन्नव्वाचं तिसरं नाव टाइप करताना
तालुक्याच्या कचेरीत कुणाचं तरी बोट
असंच क्षणभर थांबलं असेल,
त्यालाही कुणीतरी असंच बघत असेल.

"अडलं काय गं?"

मंगव्वानं भारा खाली टाकला.
"अडतंय कुठलं. माझं नाव हाय तिथं.
वाच, वैजू. सहा गुंठ्याचं हाय.
पाणी इथपातूर होतं."
आणि तिनं लुगड्यावरून मांडीशी हात धरला,
आडवा, घट्ट, पाणी अजून तिथंच असल्यासारखा.

सव्वीस पानांत तेवढं एकच माप
कुणीतरी उभं राहून दाखवलं.

मी वाचलं. परशराम मोबाइल बघत राहिला.
मग बिर्जे म्हणाले, "पुन्हा एकशे बारावर जा,"
आणि शिपायाकडे वळून, अगदी सरळ आवाजात,
"शाळेत कुठपातूर होतं ओ पाणी?
तुमीबी हात धरून दाखवा की."
शिपाई किल्ली शोधू लागला.
कपाटाला कुलूप नव्हतंच.

परवा परशराम दुकानात आला होता,
आधार कार्डाची एक झेरॉक्स.
दोन रुपये सुटे दिले.
काही विचारलं नाही,
ड्रॉवरकडे मात्र दोनदा बघितलं.